धावंडदऱ्याच्या टाकीच्या शिडीला काट्या लावल्याचा खुलासा

दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
ग्रामपंचायत कर्मचारी अपघात व नुकसानभरपाई कक्ष,
हिंगोली.

अर्जदार: मनकर्णा ग्यानबा गडदे, धंदा शेळ्या राखणे, रा. मौजे धावंडदरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

विषय: पाण्याच्या टाकीच्या शिडीला काट्या लावल्याबाबत खुलासा, आणि पतीच्या अपघाताचा दोष पतीवर टाकल्याबाबत हरकत.

संदर्भ: १) ग्रामपंचायतीने अर्जदाराला दिलेली नोटीस (जावक क्रमांकाची जागा कोरी). २) जोखीम पाहणी अहवाल, जो अर्जदाराला वाचून दाखवला पण हातात दिला नाही.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करते की, गावच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीला बाभळीच्या काट्या तिनेच लावल्या आहेत. कोणी सांगितले म्हणून लावल्या नाहीत, वाऱ्याने येऊन अडकल्या नाहीत. नोटिशीत 'कोणा अज्ञात इसमाच्या चिथावणीवरून' असे लिहिले आहे, ते खोडून तेथे अर्जदाराचे पूर्ण नाव घालावे. बाकी खुलासा खालीलप्रमाणे.

१. अर्जदार ही ग्यानबा गडदे यांची पत्नी. ग्यानबा ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याच्या कामावर आहेत. नळाला पाणी आले नाही तर अख्ख्या गावाला त्यांचे नाव आठवते आणि आले तर कोणालाच आठवत नाही, अशी ती नोकरी. अपघात त्यांना झाला, मग अर्ज बायकोने का केला, असे आपल्या कार्यालयातील टेबलावरच्या साहेबांनी अर्जदाराला एकदा तोंडी विचारले आहे. त्याचे उत्तर असे की, ग्यानबांना अर्ज करायचा नव्हता. ते फार भले आहेत. दुसऱ्याची गुरे आपल्या शेतात शिरली तरी हात हेच जोडणार. हाड त्यांचे मोडले हे खरे, पण खाटेवरच्या माणसाची उस्तवार अर्जदार करते, आणि यापुढे लंगडणार आहे तो सगळा संसार आहे. म्हणून अर्ज करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे ती समजते. नसल्यास तसे लेखी कळवावे. ती तरीही अर्ज करील.

अर्जदाराला वाचता येते, लिहिताना हात अडतो. सबब हा अर्ज तिने सांगितला आणि मुलगी पुनम हिने लिहिला आहे. पुनम बारावी झाली असून तिला सरकारी भाषा येते. तिने तीन ठिकाणी 'नाराजी' असा शब्द घातला होता. अर्जदाराने तो खोडायला लावून 'राग' असा घातला. खाडाखोडीबद्दल माफी असावी. रागाबद्दल मागितलेली नाही.

२. टाकी बांधून झाली तेव्हा तिची पूजा झाली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि आताचे सरपंच विश्वंभरराव यांच्या आई जिवनबाई यांनी चारचौघांत विचारले, "वर गंगामाय हाय. तिच्या डोक्यावर खेटरं घालून कोनी चढलं, तर त्ये पानी आमी देवाला कसं घालावं?" म्हातारीचे बोलणे खरे होते. ग्रामसभेने हात वर केले. अर्जदाराचा हात वर होता, ग्यानबांचाही होता. टाकीच्या खांबावर लाल अक्षरांत लिहून घेतले, 'चपला-बूट काढून वर चढावे.' अर्जदाराला त्या ठरावाचा आजही पस्तावा नाही. ती शेळ्यांच्या पाणी प्यायच्या डोणीतसुद्धा कोणाला पाय घालू देत नाही, मग हे तर गावाच्या पिण्याचे पाणी. तेव्हापासून ग्यानबा शिडीखाली पायताण काढत, पाय धूत, वर चढून झाकण उघडत आणि ब्लिचिंग पावडर टाकून खाली येत. ऊन असो की पाऊस, हा नेम त्यांनी मोडला नाही.

३. त्यानंतर सरकारचा सुरक्षा सप्ताह आला. कामावरच्या माणसाला जोखीम असते, ती कमी केली पाहिजे, असे भाषण झाले. ते अर्जदाराला पटले. ग्यानबांना पिवळी टोपी, कमरेचा पट्टा आणि जाड तळाचे बूट घालून शिडीपाशी उभे केले आणि फोटो काढला. फोटो झाल्यावर टोपी आणि पट्टा काढून घेतला, कारण पुढच्या गावाचा फोटो बाकी होता. ते सामान जीपमध्ये बसून गेले ते आजतागायत परत आले नाही. बूट तेवढे राहिले, कारण ते ग्यानबांच्या पायातून लवकर निघेनात.

कामावर असताना बूट घातलेच पाहिजेत, असा हुकूम ग्रामसेवकांनी वाचून दाखवला. टाकीवर चढताना काढलेच पाहिजेत, असा ठराव खांबावर लिहिलेला होताच. इकडे आड तिकडे विहीर. पण ग्यानबा दोन्हीकडचे मन राखणारे. ते घरापासून टाकीपर्यंत बूट घालून जात आणि टाकीखाली काढून चढत. म्हणजे सरकारचा हुकूम त्यांनी जमिनीवर पाळला आणि गावाचा ठराव शिडीवर पाळला. यात त्यांनी मोडले काय, हे आपण दाखवून द्यावे. मोडला तो फक्त त्यांचा खुबा.

अर्जदाराने तेव्हाच एक तोड सुचवली होती. एक नवा जोड आणावा, तो धुऊन टाकीपाशीच पेटीत ठेवावा, कधी जमिनीला लावू नये. म्हणजे ते टाकीचेच बूट झाले, त्यांना विटाळ नाही. जिवनबाईंनीसुद्धा मान हलवली होती. ग्रामसेवक हसले आणि म्हणाले, "बाई, तशी तरतूद नाही." तरतूद कोणी करायची असते, हे अर्जदाराने विचारले, तर ते मोबाइल कानाला लावून बाहेर गेले.

४. अपघात पोळ्याच्या आदल्या आठवड्यात झाला. अर्जदार टाकीजवळच्या पडीक रानात शेळ्या चारत होती, त्यामुळे तिने तो डोळ्यांनी पाहिला. ग्यानबा वरच्या टोकाला पोचले होते. दोन्ही पाय शिडीच्या गजावर बराबर टेकलेले होते. घसरले नाहीत. त्यांनी वरचा आडवा गज हातात धरला आणि तो गज एका बाजूने निसटून हातातच आला. गज गंजला होता. तो हलतो असे ग्यानबांनी ग्रामपंचायतीत वारंवार सांगितले होते, आणि दर वेळी "बघू" असे उत्तर घेऊन ते घरी आले होते. पडले तेव्हाही गज त्यांच्या मुठीत होता. अर्जदाराने बोटे उघडून तो काढला. तो घरी जपून ठेवला आहे. कार्यालयास पाहिजे असल्यास आणून देईल, मात्र पोच घेतल्याशिवाय हातातून सोडणार नाही.

तेव्हा अर्जदाराचा एकच प्रश्न आहे. गज हाताचा निघाला. बूट पायात असते तर हाताचा गज जागेवर राहिला असता काय? की सरकार आता हातातही बूट देणार आहे?

येथे एक गोष्ट अर्जदार मोकळेपणाने सांगते. त्या दिवशी सरपंच विश्वंभररावांनी स्वतःची गाडी काढली, ग्यानबांचे डोके मांडीवर घेऊन हिंगोलीला नेले आणि ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. ते उपकार अर्जदार विसरणार नाही. पण उपकार उपकाराच्या जागी आणि गज गजाच्या जागी.

५. पुढे जोखीम पाहणीसाठी एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ग्यानबांची विचारपूस केली, चहा घेतला, अर्धा ठेवला. मग टाकीपाशी गेले. शिडीवर चढून बघतो म्हणाले आणि वाकून त्यांनी स्वतःच्या बुटांच्या लेस सोडल्या. महोदय, त्यांना कोणी सांगितले नव्हते. खांबावरची अक्षरे त्यांनी वाचली की नाही तेही माहीत नाही. पाणी पाहिले आणि हात आपोआप बुटाकडे गेले, जसे आपले जातात. मोजे काढून बुटात कोंबले. ऊन होते म्हणून ते बूट अर्जदारानेच उचलून सावलीला ठेवले. साहेब अनवाणी दोन गज चढले, वर पाहिले, म्हणाले, "बापरे," आणि उतरले. बूट घातले, गाडीत बसले, आणि अहवालात लिहिले की, कर्मचाऱ्याने दिलेले सुरक्षा साधन जाणूनबुजून वापरले नाही, सबब अपघात त्याच्या स्वतःच्या बेपर्वाईने घडला असून भरपाई देय नाही.

उंटावरून शेळ्या हाकतात असे म्हणतात. अर्जदार खऱ्या शेळ्या राखते, म्हणून तिला त्या म्हणीचा अर्थ चांगला कळतो. हे साहेब तर उंटावरून खाली उतरले होते, अनवाणी उभे होते, तरी त्यांना शेळ्या दिसल्या नाहीत. याचा अर्जदाराला राग आहे.

६. अपघातानंतर ग्रामपंचायतीने जोखीम कमी करण्यासाठी काहीच केले नाही असे मात्र अर्जदार म्हणणार नाही. टाकीला काळी बाहुली बांधली. अमावस्येला नारळ फोडला. आणि त्याच खांबावर, त्याच पेंटरकडून, जुन्या ओळीच्या खाली नवी ओळ लिहून घेतली: 'बूट न घालता चढल्यास ग्रामपंचायत जबाबदार नाही.' वर बूट काढायला सांगितले आहे आणि खाली काढल्यास जबाबदारी नाही असे सांगितले आहे. दोन्ही ओळी एकाच लाल रंगात आहेत, वरची पुसावी असेही कोणाला वाटले नाही. गजाला मात्र कोणी हात लावला नाही. त्याची जागा रिकामी आहे आणि शेजारचाही हलू लागला आहे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

७. दिवाळीनंतर सरपंच घरी आले. सोबत लिहून आणलेला कागद होता. ग्यानबांनी त्यावर सही करायची, की मी माझ्या चुकीने पडलो, माझी ग्रामपंचायतीविरुद्ध तक्रार नाही. सही केल्यास पुनमला वडिलांच्या जागी कामावर घेऊ. विश्वंभरराव म्हणाले, "वहिनी, अहवाल वरून आलाय, माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई. पोरीचं तरी भलं व्हतंय, ते बघा."

अर्जदार म्हणाली, सही होणार नाही. ग्यानबा म्हणाले, होईल. त्या दिवसापासून घरात भांडण आहे. ते खाटेवरून म्हणत, "पंचायतीशी भांडून कोन मोठं झालंय? एक सही तर करायची हाय. मी तर गेल्यातच जमा हाव, पोरगी तरी उभी ऱ्हाईल." अर्जदार त्यांना म्हणत असे, की जन्मभर तुम्ही दुसऱ्याचे पाणी वेळेवर सोडले, एकदा तरी स्वतःची बाजू सोडू नका. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपत. नवऱ्याला काही दिसत नाही असे अर्जदाराला वाटे, आणि बायकोला पोरीची काळजी नाही असे त्यांना वाटे. अर्जदाराला पैशाची हाव आहे असे गावात बोलले जाते, तेही तिच्या कानावर आहे. महोदय, भरपाई मिळाली तर ती घेईल, नाही म्हणणार नाही. पण न मिळाली तरी 'चूक माझी' हे शब्द ग्यानबांच्या नावावर चढू देणार नाही. ते बेपर्वा असते तर आज धडधाकट असते. बेपर्वा माणूस टाकीवर चढतच नाही, खालूनच पावडर टाकली म्हणून सांगतो.

८. सही व्हायच्या आधीच, शनिवारी १ नोव्हेंबरला, पुनमला टाकीवर बोलावले. काम जमते का बघू म्हणाले. अर्जदार शेळ्या सोडायला निघाली होती, तिला उशिरा कळले. ती पळत पोचली तेव्हा पुनम वडिलांचे बूट घालून शिडीखाली उभी होती. बूट तिला मोठे होत होते, आत तिने चिंध्या कोंबल्या होत्या. ग्रामसेवक म्हणाले, बूट घालूनच चढायचे. तेवढ्यात पाण्याला आलेल्या बाया ओरडल्या, "अगं, पान्यावर बूट घालून?" आणि सरपंच म्हणाले, "पोरी, बूट काढ अन् चढ. लौकर आटप." पुनमने बूट काढले. ओढणी कमरेला बांधली. खालच्या गजाला हात घातला.

लिहिणारीचा हात येथे थांबला होता. हे कशाला लिहायचे, असे तिचे म्हणणे पडले. अर्जदाराने लिहायला लावले.

अर्जदाराने मुलीचा दंड धरून तिला मागे ओढले. मग घरी जाऊन शेळ्या कोंडायच्या वाडग्याच्या दाराच्या काट्या उपसल्या, डोक्यावर आणल्या आणि शिडीला खालपासून हात पोचेल तिथपर्यंत बांधल्या. हात फाटले. बांधताना कोणी अडवले नाही. त्या रात्री शेळ्या उघड्या राहिल्या आणि अर्जदार त्यांच्या दारात बसून राहिली.

९. नोटिशीत तीन आरोप आहेत. गावाचे पाणी तोडले, हा पहिला. ते खोटे आहे. पाण्याचा व्हॉल्व्ह जमिनीवर आहे, तो मोकळा आहे, नळाला पाणी येत आहे आणि नोटीस घेऊन येणारा शिपाईसुद्धा तेच पाणी पिऊन गेला. सरकारी कामात अडथळा आणला, हा दुसरा. तो खरा आहे. माणूस पाडणे हे सरकारी काम असेल, तर त्यात अर्जदाराने अडथळा आणला आहे आणि पुढेही आणील.

तिसरा आरोप असा, की टाकीत पावडर पडत नसल्याने लोकांच्या आरोग्यास धोका आहे. हा आरोप अर्जदाराला बोचतो. लेकरे तिच्याही गल्लीत आहेत, आणि हगवण कोणाचे नाव विचारून येत नाही. म्हणून तिने गावच्या आशा सेविका सुनिता यांना गाठून पाणी शुद्ध करायच्या औषधाच्या बाटल्या मिळवल्या आणि सुनिताताईंसोबत घरोघर हिंडून हंड्यात थेंब कसे टाकायचे ते सांगितले. काही घरांनी शिव्या दिल्या. जिवनबाईंनी दार उघडले, बाटली घेतली आणि म्हणाल्या, "मनकर्णे, काट्या घट बांधल्यास ना?" त्या सरपंचांच्या आई आहेत, म्हणून हे वाक्य गोपनीय ठेवावे.

१०. सबब अर्जदाराची मागणी अशी की, अहवालातील 'बेपर्वाई' हा शब्द काढावा आणि तेथे गंजलेल्या गजाचे नाव घालावे. शिडी वेल्डिंग करून पक्की करावी, आणि ज्या गावात आमचा पट्टा फोटो काढून घेत असेल तेथून तो परत मागवावा. टाकीवर कोणत्या पायांनी चढायचे याचा एकच हुकूम लेखी द्यावा, दोन नकोत. तो हुकूम देण्यापूर्वी आपण स्वतः येऊन शिडी पाहावी. बूट घालून आलात तरी चालेल, काढून आलात तरी चालेल. काट्या दोन्ही पायांना सारख्याच लागतात. हे होईपर्यंत त्या काढल्या जाणार नाहीत. पोलीस आणून काढल्यास नव्या लावल्या जातील. या तालुक्यात बाभळी पुष्कळ आहेत.

११. येथपर्यंतचा अर्ज परवा लिहून झाला होता आणि खाली एकट्या अर्जदाराची सही होणार होती. काल सकाळी सरपंच तोच कागद घेऊन परत आले. ग्यानबा खाटेवर उठून बसले. त्यांनी पेन हातात घेतला. अर्जदार चुलीपाशी होती. सही करण्याआधी त्यांनी पुनमला विचारले, "पोरी, त्या शनवारी तू बूट घालून चढत व्हतीस का काढून?" पुनम म्हणाली, "काढून. सरपंचकाकांनी काढायला लावले." ग्यानबांनी तिच्या पायांकडे पाहिले. मग सरपंचांना म्हणाले, "इसंबरराव, एक सांगा. ही वरून पडली असती, तर हिच्या कागदावर सही तुमी कोनाची घेतली असती? माजीच ना?"

सरपंचांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. जाताना वॉकर त्यांनीच ग्यानबांच्या हाताशी आणून दिला, हेही नोंदवले पाहिजे.

अपघातानंतर ग्यानबा पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडले. टाकीपर्यंत जायला खूप वेळ लागला. घामाने सदरा भिजला, मध्ये दोनदा बसावे लागले. पंचायतीशी कोण भांडते म्हणणारा हा माणूस काट्या काढायला लावतो की काय, या भीतीने अर्जदार त्यांच्या मागोमाग चालत होती. शिडीपाशी ते उभे राहिले. काट्या खालून वर नीट बघितल्या, एक दोरी ओढून पाहिली आणि म्हणाले,

"समोरून बरी बांधलीस. पन बाजूनं उघडं ऱ्हायलंय, तिथनं चढतंय कोनीबी. आजून दोन काट्या आन."

त्या आणून लावल्या आहेत. सबब हा अर्ज आता दोघांचा समजावा.

आपली नम्र, परंतु मागे न हटणारी,
(सही) मनकर्णा ग्यानबा गडदे

आणि ज्यांची सही दुसऱ्याच कागदावर हवी होती ते,
(सही) ग्यानबा गडदे